कोयता आणि पाटी

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. पति-पत्नीच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुलेही त्यांच्या मागोमाग जातात. आई फडात ऊस तोडते, तेव्हा थोरली मुलगी खोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते. पाच-सहा महिन्यांनी कुटुंब परतते, तोवर वर्गातील अभ्यास पुष्कळ पुढे गेलेला असतो. मागे पडलेले मूल शाळेस बिचकते आणि अखेर त्याच्याही हाती कोयता येतो.

ही साखळी तुटावी म्हणून दोन उपाय योजलेले आहेत. मूल आजी-आजोबांजवळ गावीच राहिले, तर हंगामी वसतिगृहातून त्याच्या जेवणाची सोय होते व शाळा चुकत नाही. आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक मिळते. त्यावर त्याच्या शिक्षणाची नोंद असते. ते पाहून नव्या गावच्या शाळेने त्याला वर्गात घ्यावयाचे असते. कारण ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला आहे.

पत्रक मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणते. आत आल्यावर त्याला आपल्याशेजारी जागा देणे, हे मात्र वर्गातील मुलांच्याच हाती असते.