अरुंद शिरेतले सोने आणि यंत्राचा हिशेब

सराफाच्या दुकानात सोने तोळ्यात मोजतात. खाणीत ते टनामागे ग्रॅममध्ये मोजावे लागते. एक टन दगडातून पाच-सात ग्रॅम सोने निघाले तरी भूमिगत खाण चालवण्याजोगी समजतात. हा दगड फोडण्याचे काम यंत्राने करावे की हाताने, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण आहे. १९४७ साली तिची कंपनी स्थापन झाली तेव्हा रायचूर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात होते. २००१ साली कोलारची खाण बंद पडल्यापासून देशातील सोन्याची प्रमुख खाण म्हणून हट्टीचेच नाव घेतले जाते. तिचे वर्षाचे उत्पादन दोन टनांच्या आत, आणि देशाची गरज शेकडो टनांची!

येथील सोने गारगोटीच्या उभ्या, अरुंद शिरांत असते. खरी अडचण इथेच आहे. समजा, शीर अर्धा मीटर जाड आहे आणि तिच्यात टनामागे १० ग्रॅम सोने आहे. हातातल्या ड्रिलने एक मीटर रुंदी फोडली, तर निम्मा दगड फुकटचा येतो आणि प्रमाण ५ ग्रॅमवर उतरते. मोठे यंत्र आत जावे म्हणून दोन मीटर फोडले, तर अडीच ग्रॅमच उरतात. सोने तेवढेच, पण वर ओढायचा, दळायचा आणि रसायनात धुवायचा दगड शिरेच्या चौपट. मजुरीत वाचलेला पैसा गिरणीत जातो.

लांब छिद्रे पाडून एकदम सुरुंग लावण्याची पद्धत वेगाची आहे. मात्र १५ मीटरच्या छिद्रात शेकडा दोनचा बाक आला, तरी टोक ३० सेंटिमीटर सरकते. अर्धा मीटरच्या शिरेत ही चूक परवडत नाही.

मग हातानेच काम करावे काय? तसेही नाही. कोंदट जागेत जड ड्रिल पेलणाऱ्या कामगाराच्या डोक्यावर सैल दगड असतो आणि छातीत धूळ जाते. या धुळीने सिलिकोसिस होतो; खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनाही याच आजाराने गाठले आहे. ड्रिलमधून पाणी सोडल्याने धूळ पुष्कळ दबते, पण धोका पूर्ण टळत नाही. म्हणून जगात आता जेमतेम मीटरभर रुंदीचे लोडर आणि दुरून चालवायची यंत्रे बनतात. यंत्रासाठी बोगदा रुंद करण्याऐवजी बोगद्याच्या मापाचे यंत्र घडवावे, हा त्यामागचा विचार.

आपल्या लहान कारखानदारांना यात दोन धडे आहेत. यंत्र घेताना केवळ त्याचा वेग पाहू नये; त्यापायी माल किती वाया जातो आणि पुढच्या टप्प्याचा खर्च किती वाढतो, तेही वहीत मांडावे. आणि कारागिराच्या फुप्फुसाची किंमत त्याच वहीत धरावी. मजुराचा जीव झिजवून मिळालेल्या नफ्यात बरकत नसते.