दिवाळीची ऑर्डर माघात

पहाटे ५.३०
पडवीत तीन रात्री ठेवलेली खोकी आज उघडायची होती. शहापुरात आश्विन लागला तरी पाऊस हटत नाही, आणि आमचा माल नेमका याच दमट हवेत बाहेर पडतो. हातसडीचा तांदूळ, नागलीचं पीठ, वाल. प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला. तीन पदरी खोक्याचा कोपरा भिजल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. पाच पदरी टिकलं, पण त्यावरची पाण्याने चिकटवायची कागदी पट्टी एका बाजूने सुटली होती. प्लास्टिकची तपकिरी टेप मात्र जशीच्या तशी. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. कागदी पट्टी आता आडवी-उभी दोनदा लावायची, आणि जो माल आमच्याच टेम्पोने ठाण्याला जातो त्याला खोकंच द्यायचं नाही. त्या पिशव्या प्लास्टिकच्या क्रेटमधून जातील आणि क्रेट परत येतील. क्रेट प्लास्टिकचे आहेत, पण चौथं वर्ष चालू आहे.

सकाळी ८.००
पिशव्यांचा नवा विक्रेता नमुने घेऊन आला. "ताई, एकदम कापडी, पर्यावरणपूरक." हाताला पिशवी कापडासारखीच लागत होती. काठावरचा एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा आकसला, त्याचा काळा कडक मणी झाला आणि मेणबत्तीसारखा वास आला. मग आमच्या मांजरपाटाचा धागा पेटवला. कागद जळाल्याचा वास, आणि बोटात चुरगाळली जाणारी राख. त्याची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची होती. नॉन-वोव्हन म्हणतात ती हीच. २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत या पिशव्याही होत्या, पुढे २०२२ मध्ये जाड पिशव्यांना सवलत मिळाली. सवलत असो वा नसो, माझ्या तांदळाला ती नको.

त्याच्याकडे 'कंपोस्टेबल' पिशव्याही होत्या, रीतसर प्रमाणपत्र असलेल्या. त्या कुजायला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. आमच्या गावात कचरा उकिरड्यावर जातो आणि तिथे तो पेटवला जातो. ज्या गावात वस्तू संपणार, तिथे तिचं काय होतं हे आधी विचारलं पाहिजे. मी नकार दिला. त्याला वाईट वाटलं असावं, पण चहा घेऊन गेला.

सकाळी १०.३०
किन्हवलीमार्गे सरळगावच्या बाजूला निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळवं भात पिवळं पडलेलं. पाड्यावर पोचले तेव्हा आमच्या टोपल्या विणणाऱ्या मावशी ओट्यावर टोपलीचा काठ वळत होत्या. पायाच्या अंगठ्यात बांबूची चोय अडकवायची, डाव्या हाताने दाबायची, उजव्याने दोन चोया सोडून तिसरीखालून काढायची. नजर टोपलीवर नसतेच, त्या माझ्याशी बोलत असतात.

"गेल्या सालासारखं नाय ना झालं?" त्यांनीच विचारलं.

गेल्या वर्षीची चूक माझी होती. भाद्रपदात मोठी मागणी आली, मी घाई केली आणि दुसरीकडून ओल्या बांबूच्या टोपल्या उचलल्या. ऐन पावसात तोडलेला, पाण्यात न मुरवलेला बांबू ओला असतो आणि त्यातलं पिठूळ सत्त्व निघालेलं नसतं. भुंग्याला हवं असतं तेच. महिन्याभरात ग्राहकांचे फोटो आले. टोपलीला सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि खाली पिवळसर भुकटीची बारीक रास. ती भुकटी तांदळात पडली होती. मी सगळ्यांचे पैसे परत केले.

यंदा मावशींचं ऐकलं. बांबू माघात, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला, आणि तोही तीन वर्षांच्या वरचा. कोवळा ठेवून दिला, म्हणजे बेटही शाबूत राहतं. मोळ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली तीन आठवडे बुडवल्या, मग सावलीत वाळवल्या. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाणीही भुंगा रोखतं, पण टोपलीत खायचं धान्य राहणार, म्हणून आम्ही डोहाचीच पद्धत धरली. बांबू मावशींच्या स्वतःच्या बांधावरचा. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजला जाई. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्यातून निघाला. वनातल्या बांबूला २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज मानतो.

ओट्याच्या आढ्याला एक जुनं इरलं टांगलं होतं. बांबूची जाळी आणि मध्ये पानांचे थर. भर पावसात बाईला आवणीच्या शेतात कोरडं ठेवणारी ही वस्तू बघितली की मला आमची सगळी खोकी उणी वाटतात. टोपलीच्या तळाशी काय घालावं हा माझा प्रश्न तिथेच सुटला. उन्हाळ्यात साठवलेली पळसाची पानं.

एकशेवीस टोपल्या तयार होत्या. चौघी जणी, दिवसाला दोन-दोन. "अजून शंभर?" मी विचारलं.

"आता कापणी, बाय. हात भाताला लागतील."

दुपारी १.३०
मुरबाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी पाहणारे साहेब भेटले. कर्मचाऱ्यांना दिवाळीला द्यायला चारशे भेटी हव्या होत्या, तीन आठवड्यांत. टेबलावर दुसरीकडून आलेला नमुना होता. बांबूची बाटली, बांबूचं पेन, दोन्हींवर ठसठशीत नाव, प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि डब्यावर चकचकीत पारदर्शक कागद. बाटलीचं झाकण उघडून त्यांना दाखवलं. आत स्टील, बाहेर बांबूचं पातळ कवच. मिठाईच्या डब्याभोवतीची अशी फिल्म १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या बंदीत आहे, हेही सांगितलं.

"मग तुमच्या टोपल्या चारशे द्या," ते म्हणाले.

इथे हो म्हणणं सोपं होतं. पैसा होता, आणि गेल्या वर्षी मी हेच केलं होतं. पण दिवाळीच्या तोंडावर चारशे टोपल्या मागायच्या म्हणजे कुणाच्या तरी उभ्या भातावरून हात काढून घ्यायचे, नाहीतर ओला बांबू विणायचा. जंगलाची आणि शेताची वेळ कंपनीच्या खरेदीच्या वहीत बसत नाही, आणि पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या बऱ्याच वस्तू तिथेच फसतात.

मी सांगितलं ते असं. एकशेवीस टोपल्या देते. त्या प्रत्येक विभागाला आणि जुन्या कामगारांना द्या. बाकीच्यांना मांजरपाटाच्या पिशवीत दोन किलो तांदूळ. पिशवीवर तुमचं नाव कोपऱ्यात, बोटभर. त्यांना नाव मोठं हवं होतं. मी म्हटलं, "सर, मोठ्या नावाची पिशवी बायका बाजारात नेत नाहीत, पोछा करतात. ही पिशवी दोन वर्षं फिरली तरच तिच्यातला कापूस वाया गेला नाही असं म्हणता येईल." ते हसले आणि म्हणाले, विचारून सांगतो.

संध्याकाळी ६.३०
छपाई. लाकडी ठसा, कापडाची शाई. परवाना क्रमांक, निव्वळ वजन, तारीख आणि किंमत लागतेच. ती मागच्या बाजूला, तांदळाला शाई लागणार नाही अशा शिवलेल्या कागदी चिठ्ठीवर. पिशवीत कडुलिंबाची वाळलेली पानं वेगळ्या पुरचुंडीत. टोके तरीही होऊ शकतात, म्हणून चिठ्ठीवर 'दोन महिन्यांत वापरा, उन्हात घालू नका' असं स्पष्ट लिहिलं.

रात्री ९.३०
साहेबांचा मेसेज आला. एकशेवीस टोपल्या आणि दोनशे ऐंशी पिशव्या, नाव कोपऱ्यात. मी वहीत लिहून ठेवलं आणि उत्तर धाडलं. पुढच्या दिवाळीला चारशे टोपल्या हव्या असतील तर ऑर्डर माघात द्या, निम्मे पैसे तेव्हाच, म्हणजे श्रावणात विणून होतील.

थोड्या वेळाने पुन्हा मेसेज: "माघ म्हणजे नक्की कधी?"

कॅलेंडर उतरवून तारखा लिहून पाठवल्या.