धान्याची किंमत

शेतीचा शोध लागला आणि रानोमाळ भटकणारा माणूस सुखी झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शिकारीची अनिश्चितता संपली, कणगी भरली, विसावा लाभला, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. उत्खननांतून मिळालेला पुरावा मात्र या चित्रास सर्वस्वी दुजोरा देत नाही.

उत्तर सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाचे एक टेकाड होते. ते धरणाच्या पाण्याखाली जाणार असल्यामुळे १९७२ व १९७३ साली अँड्र्यू मूर यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन करण्यात आले. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी तेथे वस्ती करणारे लोक शेतकरी नव्हते. तरीही ते एकाच ठिकाणी राहत. ठराविक ऋतूत त्या वाटेने जाणाऱ्या हरणांच्या कळपांची ते शिकार करीत आणि शंभराहून अधिक रानवनस्पतींची बिया, फळे गोळा करीत. म्हणजे घर आधी आले, शेत मागाहून!

पुढे हवामान थंड व कोरडे झाले. रानचे धान्य दुर्मीळ होऊ लागले. याच अडचणीत बी पेरण्यास आरंभ झाला, असे काही संशोधक मानतात. इतरांस तो पुरावा अपुरा वाटतो. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मात्र तेथे कच्च्या विटांच्या घरांचे मोठे गाव नांदत होते आणि गहू, जव, मसूर यांची शेती होत होती.

त्या गव्हांत एक जात होती ती आपल्या परिचयाची खपली. तिचे टरफल दाण्यास घट्ट चिकटलेले असते. म्हणून आधी कांडण, मग दळण. फिरते जाते तेव्हा नव्हते. पाट्यासारख्या लांबट दगडापुढे गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, सारे अंग पुढेमागे झोकीत दाणे भरडावे लागत. थेया मॉलेसन यांनी तेथील सांगाड्यांची तपासणी केली, तेव्हा कमरेचे मणके, गुडघे व पायाचे अंगठे यांवर या कष्टाच्या खुणा आढळल्या. त्या बहुतांशी स्त्रियांच्या हाडांवर होत्या. पिठात मिसळलेल्या कचकचीने दातही झिजले होते.

मग माणूस पुन्हा रानाकडे का वळला नाही? एकाच क्षेत्रातून शेती कितीतरी अधिक तोंडे भरवू शकते. धान्याच्या मऊ पेजेमुळे मूल अंगावरून लवकर तोडता येते आणि दोन बाळंतपणांतील अंतर घटते. लोकसंख्या एकदा वाढली, की तिला पोसण्यास रान अपुरे पडते. परतीची वाट अशी नकळत बंद झाली.

शेतीने पुढे गावे, नगरे, लेखनविद्या व राज्ये यांचा पाया घातला, हे खरेच. पण त्या पायाचे दगड ज्यांनी वाहिले, त्यांत दगडापुढे गुडघे टेकून बसलेल्या त्या अनामिक स्त्रिया होत्या. इतिहासाने त्यांची नावे जपली नाहीत. त्यांच्या हाडांनी त्यांचे श्रम तेवढे जपले.