हौसेला मोल नसते, मजुरीला असते



फुटबॉलच्या विषयावर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला बोलावला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कोल्हापुरात फुटबॉलवर अधिकाराने बोलणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. मी त्यांतला नव्हे. शाळा माझी लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांतून आणि कामगारांच्या सभांतून. परंतु मैदानावर बावीस गडी धावू लागले की त्यांच्यामागे आणखी किती माणसे राबत आहेत, हे मोजण्याची मला सवय आहे. त्या मोजदादीतून निघालेला प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो. फुटबॉलच्या क्लबांनी आणि मंडळांनी आपल्याकडे काम करणाऱ्या सर्वांना निर्वाह वेतन द्यावे काय?

यातला ‘सर्वांना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खेळाडू आणि प्रशिक्षक आपल्याला दिसतात. पण सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावर पाणी मारणारा, रोलर फिरवणारा, फक्कीच्या रेषा ओढणारा, दरवाजावर तिकिटे तपासणारा, रात्रीचा रखवालदार, संघाचे कपडे धुणारा आणि गर्दी पांगल्यावर शेंगांची टरफले नि कागद झाडून काढणारी बाई, ही माणसेही त्या खेळाचीच आहेत. त्यांच्यावाचून सामना होत नाही.

आता आपल्या गावाची गोष्ट अशी की, येथे फुटबॉल वाढला तो तालमींच्या अंगणात. तालीम म्हणजे आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि पेठापेठांतल्या तालमी गावाच्या अभिमानाची ठाणी बनली. पुढे त्याच तालमींनी चेंडू पायात घेतला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे आज येथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर जी हजारोंची गर्दी लोटते ती एखाद्या कंपनीच्या जाहिरातीने आणलेली नसते. ती पेठेच्या मायेने आलेली असते.

या मायेचा मला आदर आहे. दुकान लवकर बंद करून संघाचे सामान वाहणारे, पदरमोड करून पोरांना बूट घेऊन देणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो ते अशा माणसांना शोभते. त्यांना पगार देऊ गेलो तर ते रागावतील, आणि त्यांचे रागावणे योग्यच ठरेल.

पण अडचण येथेच सुरू होते. मंडळाचा कारभार हौसेवर चालतो, म्हणून तेथे राबणारा प्रत्येकजण हौसेनेच राबतो, असे आपण गृहीत धरतो. दुकानदार संध्याकाळी सामान वाहतो तेव्हा त्याच्या घरची चूल दुकानावर पेटलेली असते. मैदानावर पाणी मारणाऱ्या माळ्याची चूल त्या पाण्यावरच पेटायची असते. पहिल्याची ती सेवा, दुसऱ्याची ती मजुरी. कोणाला वेतन द्यायचे हे ठरवण्यासाठी मी एकच कसोटी सुचवतो : या कामावर त्याची चूल पेटते काय? पेटत असेल तर ‘मंडळाची सेवा’ हा शब्द त्याच्या बाबतीत वापरू नये.

वेतन म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न. कायद्याच्या भाषेत वेतनाच्या तीन पायऱ्या आहेत. 1948 साली नेमलेल्या वाजवी वेतन समितीने त्या नीट मांडल्या. सर्वांत खाली किमान वेतन, मध्ये वाजवी वेतन आणि वर निर्वाह वेतन. किमान वेतन म्हणजे ज्याच्याखाली कोणत्याही धंद्याला जाता येणार नाही अशी मर्यादा. निर्वाह वेतन म्हणजे कामगाराला कुटुंबासह माणसासारखे जगता येईल, मुले शिकवता येतील, आजारपण निभावता येईल आणि म्हातारपणासाठी काही मागे टाकता येईल इतके वेतन. आपल्या राज्यघटनेच्या 43 व्या कलमात शेतीतल्या, उद्योगातल्या व अन्य सर्व कामगारांना निर्वाह वेतन मिळावे असे ध्येय सांगितले आहे. त्याच कलमात फुरसतीचा आणि सांस्कृतिक जीवनाचाही उल्लेख आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते घेऊन कोर्टात दावा लावता येत नाही. तरी राज्यकारभार कोणत्या दिशेने चालावा हे त्याने सांगून ठेवले आहे.

हा हिशेब हवेतला नाही. 1957 सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचा हिशेब घालून दिला. मिळवता माणूस एक, पत्नी आठ दशांश, दोन मुले प्रत्येकी सहा दशांश, मिळून तीन खाती तोंडे धरायची. दर तोंडामागे रोज 2700 उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. यात म्हाताऱ्या आईबापांना जागा नव्हती, हे ध्यानात घ्या. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात त्यात आणखी 25 टक्क्यांची भर घातली. ती मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभांसह थोडी करमणूक आणि म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी. 2019 साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने आहाराचे प्रमाण 2400 उष्मांक आणि तोंडांची संख्या 3.6 धरून जुलै 2018 च्या भावांनी देशासाठी रोजी 375 रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांचे 9750 रुपये, असा किमान आकडा सुचवला. त्यानंतर भाव कोठे गेले हे भाजी मंडईतून येणाऱ्या कोणालाही सांगायला नको. आणि हा आकडाही पहिल्या पायरीचा आहे, तिसरीचा नव्हे.

न्यायालयाने ‘करमणूक’ हा शब्द घातला, तो मला विशेष वाटतो. जो माणूस मैदान हिरवे ठेवतो, त्याने आपल्या पोराला एखाद्या रविवारी तिकीट काढून त्याच मैदानावर सामना दाखवावा, एवढी ऐपत त्याला असली पाहिजे, असाच त्याचा अर्थ होतो.

खेळाच्या झगमगाटाखाली मजुरी कशी दबते याचे मोठे उदाहरण आपल्या देशात घडले आहे. 1982 साली दिल्लीला आशियाई खेळ व्हायचे होते. मैदाने, उड्डाणपूल, हॉटेले यांची कामे कंत्राटदारांकडे होती. त्यांच्यावतीने मुकादम मजूर आणीत. किमान मजुरी रोजी सव्वानऊ रुपये ठरलेली होती. मुकादम त्यातला एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ पडत. लोकशाही हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की, किमान वेतनापेक्षा कमी दराने काम करून घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच होय. माणसाला कामाला जुंपणारा जुलूम काठीचाच असतो असे नाही, भुकेचाही असतो. शिवाय, काम कंत्राटदाराला दिले म्हणून मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हेही न्यायालयाने बजावले. मंडळाच्या चिटणिसांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. ‘झाडलोट आम्ही कंत्राटाने दिली आहे, तो काय देतो ते आम्हाला माहीत नाही,’ हे उत्तर तेव्हापासून पुरेसे राहिलेले नाही.

परदेशात काय झाले तेही पाहू. इंग्लंडमध्ये 1901 पासून फुटबॉलपटूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. आरंभी ती आठवड्याला चार पौंड होती. खेळाडूंनी 1907 साली संघटना बांधली आणि दीर्घ काळ झगडून 1961 साली ही मर्यादा उठवली. त्या वेळी ती वीस पौंडांवर होती. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. हा संघटनेचा विजय होता, आणि संघटनेचा माणूस म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण नंतर दूरचित्रवाणीचा पैसा आला, खेळाडूंचे पगार आभाळाला टेकले, आणि स्टेडियम झाडणारा, स्वयंपाकघरात राबणारा मात्र कंत्राटदाराच्या दरावरच राहिला. 2001 साली पूर्व लंडनमध्ये निर्वाह वेतनाची चळवळ सुरू झाली. दोन दोन नोकऱ्या करूनही घर भागत नाही आणि मुलांसाठी वेळ उरत नाही, अशी तिथल्या आईबापांची तक्रार होती. प्रीमियर लीगमधील चेल्सी या पहिल्या क्लबाने निर्वाह वेतन देणारा मालक म्हणून मान्यता मिळवली ती 2014 साली. त्या मान्यतेची अट अशी की, कंत्राटी माणसांनाही तो दर मिळाला पाहिजे. खेळाडूंच्या पगाराची मर्यादा उठल्यानंतर झाडूवाल्यापर्यंत न्याय पोचायला 53 वर्षे लागली. पैसा वरून आपोआप खाली झिरपतो असे मानणाऱ्यांनी या वर्षांचा विचार करावा.

आपल्या देशातही मोठ्या क्लबांचा पगार किती कच्च्या पायावर उभा आहे, हे 2025 च्या ऑगस्टमध्ये दिसले. महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आला, इंडियन सुपर लीगचा हंगाम अनिश्चित झाला, आणि बेंगळुरूच्या क्लबाने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. नामांकित खेळाडू अशा वेळी गाठीच्या पैशावर काही महिने काढू शकतो. सामान सांभाळणाऱ्या माणसाला वाण्याचे बिल पहिल्याच महिन्यात भेडसावते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, तालमी काही चेल्सी नव्हेत. पैसा आणायचा कोठून? हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी हसून टाळणार नाही. वर्गणीवर चालणाऱ्या लहान मंडळाकडे मजुरीने ठेवलेली माणसे बहुधा एक-दोनच असतात, काही ठिकाणी एकही नसतो. तेथे खर्चही तेवढाच लहान. पण जेथे बाहेरगावचे खेळाडू मानधनावर आणले जातात, आफ्रिकेतून आलेले गडीही आपल्या पेठांच्या रंगात खेळून गेले आहेत, तेथे पैसा मुळीच नाही असे म्हणता येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पोटोबा, मग विठोबा, असे आपले वाडवडील सांगत. जमेतून पहिला खर्च मजुरीचा, मग मानधनाचा, मग कमानी आणि फलकांचा, असा क्रम लावावा. मजुरी भागवून एक खेळाडू कमी आणावा लागला तर कमी आणावा.

दुसरा आक्षेप हंगामाचा. फुटबॉल हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. बारा महिने पगार कोण देणार? याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच शोधून ठेवले आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या पेढीवर, दुपारी त्या पेढीवर. म्हणून 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. मंडळाकडे कामगारही नोंदवायचे आणि मालकही. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्केवारी मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस ही तजवीज मंडळाने करायची. 1981 साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच धर्तीचा कायदा आला. अनेक लहान मालक मिळून एक भक्कम मालक बनू शकतो, हा त्यातला विचार. गुळाच्या बाजारात हमालाचे ओझे जवळून पाहिलेल्या या गावाला तो परका वाटू नये. तालमींनी, शाळा-कॉलेजांनी आणि इतर खेळांच्या संस्थांनी मिळून मैदान राखणाऱ्यांचा एक सामाईक पट केला, तर फुटबॉलचा हंगाम संपल्यावर तोच माळी क्रिकेटच्या खेळपट्टीवर, शाळेच्या मैदानावर काम करील आणि त्याचे वर्ष भरेल.

तिसरा आक्षेप मनाचा आहे. पगाराची भाषा आली की सेवाभाव जातो, असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. एका संस्थेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशावर राबणारा एक शिपाई मला म्हणाला होता, “साहेब, मला घरचा माणूस म्हणतात, पण घरच्यांच्या पंक्तीला मी वाढपीच असतो.” ज्याला पुरेसा पगार मिळतो तोच उरलेल्या वेळात खुशीने चार कामे जास्त करतो. उपाशी माणसाकडून मिळालेल्या सेवेला सेवा म्हणणे ही आपण आपलीच घातलेली समजूत आहे.

तेव्हा माझे उत्तर स्पष्ट आहे. होय, द्यावे; आणि कायद्याने किमान दर सांगितला आहे एवढ्यावर न थांबता निर्वाह वेतनाकडे दर वर्षी एक पायरी चढावे. एका हंगामात सारे होणार नाही, हे मीही जाणतो. सुरुवात लहान करता येईल. आपापल्या तालमीची वार्षिक सभा होते तेव्हा आपण वर्गणीदार म्हणून उभे राहावे आणि विचारावे : आपल्याकडे मजुरीने राबणारी माणसे किती, त्यांच्या हातात प्रत्यक्ष किती पडते, आणि ते कोण देते, आपण की कंत्राटदार? ही तीन उत्तरे ताळेबंदात, चषकांच्या यादीच्या वर, छापून यावीत असा ठराव मांडावा. अनुमोदन द्यायला शेजारचा माणूस मिळेल. कोल्हापूरचा माणूस चुकीच्या पंचनिर्णयावर गप्प बसत नाही, हा त्याचा लौकिक आहे. हा निर्णयही त्याने तितक्याच जोराने विचारावा, एवढीच माझी विनंती.