उलटी बाजू नसलेला कशिदा

भरतकाम पारखायचे असेल, तर जाणकार बायका कापड आधी पालथे करून बघतात. वरचा मोर कितीही देखणा असो. खालच्या गाठी, लोंबणारी टोके आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या दोऱ्याच्या उड्या सगळे गुपित फोडतात. कसुतीपुढे मात्र ही परीक्षा फसते. पालथ्या बाजूलाही तेच गोपूर, तीच रेघ, तेवढीच सफाई. गाठ कुठेच नाही, कारण दोऱ्याचे टोकसुद्धा टाक्यांतच मुरवलेले असते.

कसुती ही धारवाड-बेळगाव भागातली कला. इरकल साडीवर आणि काळ्याभोर चंद्रकळेवर तिचे गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन उमटत आले. टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यांतले गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. कापडावर नक्षी छापत नाहीत. ताण्या-बाण्याचे धागे मोजत सुई पुढे जाते. म्हणून प्रत्येक रेघ उभी, आडवी किंवा तिरपी असते आणि वहीच्या चौकटीत बसते.

गवंतीची सुरुवात साध्या धावदोऱ्याने होते. एक टाका वर, पुढचा खाली, पुन्हा वर. रेघ संपली की त्याच भोकांतून परत यायचे. जाताना वर राहिलेल्या मोकळ्या जागा येताना भरतात आणि खालच्याही भरतात. सरळ रेघेपुरते हे चटकन पटते. पण गोपुराला कळस असतो, कमानी असतात, दहा ठिकाणी फाटे फुटतात. एकाच दोऱ्याने हे सगळे फिरायचे, प्रत्येक रेघेवरून नेमके दोनदा जायचे, त्यातही एकदा वरून आणि एकदा खालून, आणि वर-खालचा क्रम एकदाही मोडायचा नाही. हे जमते कसे?

नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या पायी फिरायच्या आहेत असे समजा. नियम एकच: गल्ली लागली की आत शिरायचे, टोक गाठायचे, आल्या वाटेने परत यायचे आणि मग मुख्य रस्ता धरायचा. नक्षीतला फाटा म्हणजे अशीच गल्ली. ती तीन टाक्यांची असेल, तर जाणे-येणे मिळून सहा टाके होतात. पाच टाक्यांची असेल, तर दहा. गल्ली कितीही लांब असो, बेरीज समच येणार. त्यामुळे आत शिरताना सुई कापडाच्या ज्या बाजूला होती, बाहेर पडतानाही ती त्याच बाजूला असते. मुख्य रेघेच्या हिशेबात जणू गल्ली लागलीच नव्हती!

खरा चकवा बंद आकारात आहे. चार टाक्यांचा चौकोन घ्या: वर, खाली, वर, खाली, की आपण निघालो तिथेच पोचतो. आता त्याच दिशेने दुसरा फेरा मारला, तर वरच्या टाक्यावर पुन्हा वरचाच टाका बसतो आणि मोकळ्या जागा मोकळ्याच राहतात. तिथे मागे वळायचे. आधी भेटलेल्या भोकाशी पुन्हा आलात की आल्या वाटेने परत फिरा. एवढे सांभाळले की चौकोनही दोन्ही अंगांनी भरतो.

१७३६च्या सुमारास लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहराचे कोडे सोडवले. तिथले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरी पूर्ण होणार नाही, असे त्याने दाखवले, कारण तिथल्या प्रत्येक भूभागाला भिडणाऱ्या पुलांची संख्या विषम होती. कसुतीत प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचे असते, म्हणून प्रत्येक भोकाशी येणाऱ्या वाटांची संख्या आपोआप सम होते आणि ऑयलरची अडचण उरतच नाही.

गवंतीसारखाच टाका युरोपातही होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा दरबारी चित्रकार हान्स होल्बाइन याने राणी जेन सीमोरचे चित्र काढले, त्यात तिच्या बाह्यांच्या टोकांना काळ्या दोऱ्याची बारीक नक्षी दिसते. पुढे या टाक्याला त्या चित्रकाराचेच नाव पडले. जोशुआ होल्डन या गणितज्ञाचा या भरतकामावरचा लेख २००७ साली सुईकाम आणि गणितावरच्या एका पुस्तकात आला. नक्षीच्या सगळ्या रेघा एकमेकींना जोडलेल्या असतील, तर ती कितीही गुंतागुंतीची असो, या टाक्याने भरता येते, हे त्यात सिद्ध केले आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कितीतरी हातांनी ही हमी गृहीत धरूनच साड्या भरल्या होत्या.

मग नवी नक्षी काढणाऱ्याला तपासायचे एवढेच: एखादी रेघ एकटी पडली आहे का? नागपूरच्या बर्डीवरून मॅटीचे कापड आणा, आलेखाच्या कागदावर तिथल्याच झिरो माइलचा स्तंभ आणि त्याचे चार घोडे उतरवा. घोडे स्तंभापासून सुटे ठेवलेत, तर दोऱ्याला खालून उडी मारावी लागेल आणि पालथी बाजू चुगली करील. सगळ्यांच्या पायाखालून चौथऱ्याची एक रेघ ओढा. मग घोड्याच्या शेपटीपासून स्तंभाच्या टोकापर्यंत कुठूनही सुरुवात करा. दोरा पुरला, तर नक्षी पुरी होणारच.