दादरा किती उंच?

शेंदुर्णीच्या कापसाच्या गाठी पाचोऱ्याला छोट्या डब्यांतून उतरून मोठ्या डब्यांत कशा चढत, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. त्या गाठी आणखी आठवडाभर फलाटावर राहू द्या. पहूर कसब्याहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववेना. ते विचारतात, ‘पीजेच्या जागी मोठी गाडी येणार म्हणता. मग पहूरला दादराही होणार. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ती दादरा चढणार कशी?’

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी गाडी. तिच्या काळात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर, डबे ठेंगणे, फलाट जमिनीलगत. रूळ ओलांडायचे म्हणजे दोन पावलं टाकायची. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटरांत वाटेतल्या खेड्यांना दादऱ्याची, म्हणजे रुळांवरच्या पादचारी पुलाची, गरज भासली नाही. पाचोऱ्याला उतरून मेन लाईनची गाडी गाठायची असली, तर काय तो जिना. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत पीजे थांबली ती थांबलीच. आता तिच्या वाटेवरून थेट बोदवडपर्यंत ८४ किलोमीटरची ब्रॉडगेज मंजूर झाली आहे.

ब्रॉडगेज नुसती रुंद नसते. तिच्याबरोबर वेग येतो, उंच फलाट येतो आणि डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार येते. दादऱ्याची सगळी गोम त्या तारेत आहे.

डब्याचं छत रुळांपासून साधारण सव्वाचार मीटरांवर. तार नसती तर पूल त्याच्या थोडाच वर बांधून भागलं असतं. वाफेच्या जमान्यातले दादरे तसे बुटकेच होते. आपल्याकडे इगतपुरी–भुसावळ पट्ट्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेची तार आली आणि पुलांच्या उंचीचं गणित बदललं. तार, तिच्यावरची टांगणी आणि वीज उडी मारणार नाही एवढी मोकळी हवा, हे सगळं धरलं की पुलाचा तळ रुळांपासून सहा-साडेसहा मीटरांवर जातो. वर गर्डरची आणि स्लॅबची जाडी. फलाट स्वतः पाऊण-एक मीटर उंच असतो, तेवढी वजाबाकी करा. तरी प्रवाशाला चढायला साडेसहा मीटर उरतातच. म्हणजे दोन मजले.

आता पत्रातल्या माउलींचा हिशोब मांडू. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर ४३ पायऱ्या. तेवढ्याच पलीकडे उतरायच्या, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. पायऱ्यांऐवजी उतार म्हणजे रॅम्प करायचा, तर चाकाच्या खुर्चीला चालणारा उतार बारास एक : बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. साडेसहा मीटर चढायला ७८ मीटर लांबी. मध्ये दम खायला आणि खुर्ची थांबवायला सपाट टप्पे हवेत, ते धरून नव्वदेक मीटर. मेन लाईनच्या जुन्या निळ्या गाडीचे चार डबे एकापुढे एक लावा, तेवढा हा उतार झाला. तोही एकाच बाजूचा. म्हणून तो दुमडून, वळणं घेत बांधतात. म्हणूनच जागा नाही, खर्च फार, अशी उत्तरंही त्यालाच आधी मिळतात.

जुना दादरा बदलायचा विषय आपल्या राज्यात निघतो तो बहुतेक वेळा माणसं गेल्यावर. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. तो पूल पडला नव्हता, माणसांना पुरला नव्हता. तिथे नवा पूल उभारायला लष्कर बोलवावं लागलं आणि तो पुढच्या फेब्रुवारीत खुला झाला. २७ नोव्हेंबर २०२२ ला बल्लारशाच्या दादऱ्याचा स्लॅब निखळला, माणसं खाली रुळांवर कोसळली, एका महिलेचा जीव गेला. तिथे पूलच खचला होता.

या दोन्ही गोष्टी बातमीत येतात. तिसरी येत नाही. पूल धड असतो, रुंदही असतो, पण चढवत नाही. मग माणूस फलाटाच्या टोकाला जातो, उतारावरून खाली येतो आणि रूळ ओलांडतो. हमाल ज्या ट्रॉली पाथवरून पार्सलचे गाडे नेतात, तिथूनच अपंग प्रवाशाची खुर्चीही जाते. ताशी १३० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते. काठी टेकत दोन लाईनी ओलांडायला बारा सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी ४३० मीटर पुढे आलेली असते. एल्फिन्स्टननंतर रेल्वेनं पादचारी पुलाला सोयीच्या यादीतून काढून सुरक्षेच्या यादीत बसवलं. ते योग्यच झालं. पण ज्याला पूल चढताच येत नाही, त्याच्यासाठी ही सुरक्षा कागदावरच राहते. माझं म्हणणं एवढंच आहे की उतार किंवा लिफ्ट ही पुलाला नंतर जोडायची शोभा नव्हे. तिच्याशिवाय पूल अर्धाच.

थोडं आडवळण. पहूरहून फर्दापूरमार्गे अजिंठा जवळ, आणि पहूरची वाघूर लेण्यांच्या घळीतूनच खाली येते. लेण्यांच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत त्यांना तिथे डोली मिळते : खुर्ची, दोन दांडे, चार माणसं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पींना रॅम्प सुचला नाही, याबद्दल तक्रार नाही. पण एकविसाव्या शतकातल्या स्टेशनात मुलगा आईला पाठुंगळी घेऊन जिना चढतो, ती दांड्यांशिवायची डोलीच म्हणायची.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात बस थांबे, रेल्वे स्टेशनं सगळ्यांना वापरता येतील अशी करणं सरकारचं काम आहे. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट सांगितलं, की याचे किमान निकष शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. अमृत भारत स्टेशन योजनेतही लिफ्ट आणि दिव्यांगांच्या सोयी आहेत. २२ मे २०२५ ला त्यातल्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं. आपल्याकडची धुळे आणि केळीवाल्यांचं सावदा त्यात होती.

पण पहूर म्हणजे धुळे नव्हे. लिफ्ट आणि सरकते जिने गर्दीचा आकडा पाहून मिळतात, हे फक्त आपल्याकडेच नाही. जपाननं २००० साली स्टेशनं सुगम करायचा कायदा केला, तेव्हा रोज पाच हजार प्रवाशांची स्टेशनं आधी घेतली. नंतर आकडा तीन हजारांवर आणला. तिथेही खेडी मागे राहिली, आणि म्हातारी माणसं तर खेड्यांतच जास्त.

म्हणून पहूरकरांनी लिफ्टच्या आधी उतार मागावा. लिफ्ट वीज गेली की थांबते, बिघडली तर दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत दाराला कुलूप. उताराला वीज लागत नाही, आणि बाळाची गाडी, दुखरा गुडघा, भाजीची पाटी सगळं त्यावरून जातं. बोगदा करा म्हणणारेही भेटतील. खाली उतरायला तीनेक मीटरच लागतात, हे खरं. पण आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसाला बोगद्याचं तळं होतं, हे खान्देशात सांगायची गरज नाही.

आणि एक मागणी फुकटातली. एकेरी लाईनच्या स्टेशनात समोरून दुसरी गाडी येत नसेल, तर प्रवासी गाडी स्टेशनच्या इमारतीलगतच्या एक नंबरवरच घ्यायची. क्रॉसिंग असेल तेव्हाच दोन नंबर. वेळापत्रक बसवतानाच क्रॉसिंग शक्यतो दुसऱ्या स्टेशनात ढकललं, तर माउलींना बहुतेक दिवशी दादऱ्याचं तोंड पाहावं लागणार नाही. पण हे रूळ पडण्याआधी, यार्डाचा नकाशा ठरतानाच मागायला हवं. एकदा काँक्रीट ओतलं की मग फक्त निवेदनं उरतात. पहूर पेठ आणि पहूर कसबे या दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून ठराव केला, तर कागदाला वजन येईल.

कापसाच्या गाठी पुढच्या आठवड्यात नक्की. मात्र बोदवडच्या दोन वाचकांना नवी लाईन जामनेरच्या पुढे कशी जाते ते आधी हवंय, तेव्हा ‘नक्की’ हा शब्द फार धरून बसू नका.