इंग्लंडच्या लोककथा : गांव आणि साल

गोष्ट ऐकणारें मूल ती कोणत्या गांवची, हें विचारीत नाहीं. अभ्यासकानें मात्र हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. इंग्लंड देश लहान, पण त्याच्या लोककथा एका साच्यांतल्या नाहींत. रात्रीं वाटेवर दिसणारा भुताळी काळा कुत्रा पूर्वेकडे नॉरफोक-सफोक परगण्यांत ‘ब्लॅक शक’ म्हणवितो, तर यॉर्कशायरांत ‘बारगेस्ट’. घरांत खोड्या करणारा बोगार्ट उत्तरेचा. वाटसरूंना चकविणारी पिक्सी नैर्ऋत्येकडील डेव्हन-कॉर्नवॉलची.

हे भेद कळावयाचे तर स्थानिक संग्रहच पाहावे लागतात. ‘फोकलोर’ हा शब्द विल्यम टॉम्स यांनीं १८४६ सालीं सुचविला. पुढें रॉबर्ट हंट यांनीं कॉर्नवॉलच्या (१८६५), विल्यम हेंडरसन यांनीं उत्तरेकडील परगण्यांच्या (१८६६) व शार्लट बर्न यांनीं श्रॉपशायरच्या (१८८३) परंपरा ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. १८७८ मध्यें लंडनांत स्थापन झालेल्या फोकलोर सोसायटीनें परगणेवार जुन्या छापील नोंदी एकत्र केल्या. जोसेफ जेकब्स यांचा १८९० चा कथासंग्रह अधिक लोकप्रिय; परंतु तो मुलांसाठीं असल्यानें त्यांत भाषा बदललेली आहे, आणि कांहीं कथा स्कॉटलंडच्याहि आहेत. त्यांनीं शेवटीं टिपांत कथांची मुळें दिलीं, हा त्यांचा प्रामाणिकपणा. घाईचा वाचक त्या टिपाच वगळतो!

तसें केल्यानें काय होतें, याचें उदाहरण सफोकमधील बंगे गांवचें. १५७७ च्या ऑगस्टांत वादळ चालूं असतां तेथील चर्चमध्यें काळा कुत्रा शिरला व माणसें मेलीं, असें एब्रहाम फ्लेमिंग यांच्या त्याच वर्षींच्या पुस्तिकेंत आहे. ‘शक’ हें नांव मात्र तिच्यांत नाहीं. तें छापील नोंदींत एकोणिसाव्या शतकांत येतें. मागाहून दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या, आणि जोड दिसेनाशी झाली.

आजच्या जिज्ञासूस वाट सोपी आहे. कॅथरिन ब्रिग्ज यांचा चार खंडांचा कोश (१९७०-७१) कथांचे प्रकार दाखवितो. जेनिफर वेस्टवुड व जॅकलिन सिम्सन यांचा २००५ चा ग्रंथ दंतकथा परगणेवार मांडून प्रत्येकीचें मूळ सांगतो. तेथून मागें जुन्या नोंदीपर्यंत जावें, आणि तीन प्रश्न विचारावे : कथा कोणीं सांगितली, कोठें सांगितली, केव्हां लिहिली गेली? उत्तर नसेल तर कथा रंजक असूं शकेल. त्या परगण्याची साक्ष मात्र ती नव्हे.